काहीच नको म्हणणाऱ्या आजी-आजोबांना काय द्यावं?

शाईपेन

नमस्कार मंडळी,

माझ्या आजी-आजोबांचे वाढदिवस एकाच महिन्यात येतात. तो महिना जवळ आला की घरात एकच चर्चा: द्यायचं काय? त्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं. "आम्हाला काय लागतंय आता? पैसे उधळू नका, तुम्ही या म्हणजे झालं." ते हे मनापासून म्हणतात. घरात खरोखरच सगळं आहे. आधी दिलेले कपडे घडी न मोडता कपाटात पडून आहेत, फुलदाणी अडगळीत गेली, आणि सगळ्यांनी मिळून हौसेने दिलेला टॅब्लेट परत खोक्यात जाऊन बसला.

मी नुकतीच नोकरीला लागले आहे, धाकटी भावंडं अजून शिकताहेत. त्यामुळे खर्च खिशाला झेपेल इतपतच. पण स्वस्त हवं म्हणून एखादी शोभेची वस्तू उचलायची आणि रंगीत कागदात गुंडाळून द्यायची, हे आता मनाला पटत नाही. या दोघांनी आम्हाला वाढवलं आहे. ते खरंच वापरतील असं काहीतरी त्यांच्या हातात पडावं.

आजोबा ८१ वर्षांचे. वाचनाचं वेड; आता डोळे थकलेत, कानही मंद झालेत. आजी ७६ ची. बोटं आखडतात, पण बसून राहणं तिच्या स्वभावात नाही. तुमच्याकडे काय उपयोगी पडलं, कृपया सविस्तर लिहा.

माजघर

चांगला विषय काढलात. माझं एकच सांगणं आहे. "काय हवंय?" हे विचारणं थांबवा आणि त्यांनी गेल्या काही वर्षांत काय करणं सोडून दिलंय ते बघा. हवं-नको विचारलं की वडीलधारी माणसं "नको"च म्हणणार. पण एखादी आवडती गोष्ट हळूहळू सुटत जाते तेव्हा ती कुणाला सांगत नाहीत, "आता कंटाळा येतो" म्हणतात. त्या कंटाळ्यामागे बहुतेक वेळा एखादी लहानशी अडचण असते, आणि ती दूर करणारी वस्तू फार महाग नसते.

माझ्या आजीने शिवण बंद केलं. विचारलं तर "हौस फिटली" म्हणाली. एकदा शेजारी बसून पाहिलं तेव्हा कळलं, शिवायला तिला काहीच त्रास नव्हता. सुईत दोरा ओवता येत नव्हता. दोऱ्याचं टोक ओलं करायची, सुई डोळ्यांजवळ न्यायची, लांब धरायची, आणि टोक नेढ्याच्या कडेला लागून दर वेळी वाकायचं. दोरा संपला की दर वेळी हाक कुणाला मारणार? म्हणून तिने डबाच बंद केला होता. दोरा ओवायला पत्र्याची एक छोटी चकती मिळते, तिला बारीक तारेचा फासा असतो. फासा नेढ्यातून घालायचा, त्यात दोरा अडकवायचा आणि फासा मागे ओढायचा. शिवाय डोक्याला चीर असलेल्या सुया मिळतात, त्यांत दोरा वरून दाबला की आत जाऊन बसतो. सगळं मिळून एका लिफाफ्यात मावतं. सोबत मी बऱ्याचशा साध्या सुयांमध्ये वेगवेगळ्या रंगांचे लांब दोरे ओवून त्या जाड कापडाच्या पट्टीवर टोचून दिल्या. आता गेले की रिकाम्या झालेल्या सुया पुन्हा ओवून ठेवते. आजी पुन्हा शिवायला बसते.

शाईपेन, तुमच्या आजोबांनी काय सोडलंय?

काजवा

माजघर यांना अनुमोदन. आजोबांचं वाचन कमी झालं असेल तर चष्म्याचा नंबर तपासून घ्याच, पण त्यांच्या बसायच्या जागेवरचा उजेडही बघा.

वय वाढतं तशी बाहुली लहान होत जाते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर, दाट होतं. विशीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश साठीत पोचतो. तुमच्या आजोबांची तर ऐंशी उलटली आहे. ज्या खोलीत तुम्ही आरामात वाचता, ती त्यांच्यासाठी संध्याकाळचीच असते. आणि आपण छताच्या मधोमध एक दिवा लावतो, म्हणजे पुस्तकावर त्यांच्याच डोक्याची सावली.

तेव्हा माझ्या मते पहिली भेट म्हणजे वाकवता येणाऱ्या मानेचा एलईडीचा टेबलदिवा. घेताना तीन गोष्टी बघा. एक, दिव्यावर टोपण हवं, म्हणजे बल्ब थेट डोळ्यांत जाणार नाही. म्हातारपणी उजेड जास्त लागतो तसाच झगझगाटाचा त्रासही जास्त होतो. दोन, बटण मोठं आणि हाताशी हवं. स्पर्शाने चालणाऱ्या गुळगुळीत पट्ट्या कोरड्या बोटांना नीट दाद देत नाहीत. तीन, दिवा जड बुडाचा हवा, हात लागला तर कलंडू नये. दिवा बाजूने, खांद्याच्या थोडा पुढे येईल असा ठेवा. आजोबा उजव्या हाताने लिहीत असतील तर डावीकडून.

वाचायचं भिंग घेणार असाल तर "जास्त पटीचं तेवढं चांगलं" असं समजू नका. भिंगाची ताकद वाढली की एका वेळी दिसणारा भाग लहान होतो आणि ते डोळ्यांजवळ व कागदाजवळ धरावं लागतं. दहापटीच्या भिंगातून एखाददुसरा शब्द दिसतो, ओळ वाचता येत नाही. सलग वाचायला दोन-तीन पटीचं, रुंद, चौकोनी, शक्यतो स्टँडवर उभं राहणारं भिंग बरं. हात थरथरत असेल तर स्टँड हवाच.

एक खबरदारी. दिव्यांभोवती वलयं दिसतात, समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड सहन होत नाही, रंग फिके वाटतात, असं आजोबा म्हणत असतील तर मोतीबिंदू असू शकतो. मग भेट देण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडे न्या.

शाईपेन

माजघर, काजवा, खूप आभार. तुमचे प्रतिसाद वाचून आज आजीला फोन केला आणि आडून विचारलं. आजोबा दुपारपर्यंत वर्तमानपत्र वाचतात, संध्याकाळी नुसते मथळे बघून घडी घालून ठेवतात. "आता जगात काय चाललंय त्यात रस राहिला नाही," असं आम्ही सगळे समजत होतो!

दिव्याचं नक्की करते. कानांचं काही सुचवू शकाल का? आजोबा हल्ली सगळे जमलो की बाजूच्या खोलीत जाऊन बसतात.

कानोसा

हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. म्हातारपणी येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, थ, त अशी व्यंजनं हरवतात. म्हणून "ऐकू येतंय, पण कळत नाही" अशी त्यांची तक्रार असते आणि आपण ओरडून बोललो तर शब्द जास्त स्पष्ट होत नाहीत, नुसते मोठे होतात. लहान मुलांचा आवाज मुळातच उंच आणि बारीक, त्यात ती भरभर बोलतात. म्हणजे नातवंडांचंच बोलणं आजोबांना सगळ्यांत कमी कळतं. चार जण एकदम बोलायला लागले, टीव्ही चालू असला, की त्यांना नुसता गलका ऐकू येतो. बाजूच्या खोलीत जाण्याचं कारण बहुधा हेच असणार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ६० वर्षांवरच्या लोकांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त लोकांचं ऐकणं त्रासदायक वाटावं इतकं कमी झालेलं असतं. तरी तपासणीला जाणं वर्षानुवर्षं पुढे ढकललं जातं. म्हणून पहिली भेट म्हणजे वेळ ठरवून, सोबत जाऊन श्रवणतपासणी. कधी कधी कानात नुसता मळ घट्ट बसलेला असतो आणि डॉक्टरांनी तो काढला की बराच फरक पडतो. आवाज मोठा करणारी स्वस्त यंत्रं ऑनलाइन मागवून तपासणीशिवाय हातात देऊ नका. ती सगळेच आवाज वाढवतात, ताटवाटीचा खणखणाटही. मग माणूस कंटाळून यंत्र ठेवून देतो आणि पुढे चांगलं श्रवणयंत्र लावायलाही तयार होत नाही.

वस्तूच द्यायची तर टीव्हीसाठी बिनतारी हेडफोन, कानावर बसणारे, मऊ गादीचे. आजोबा आपल्याला हवा तेवढा आवाज ठेवतील आणि आजीच्या कानाला त्रास नाही.

आणि फुकटची भेट: बसण्याची व्यवस्था बदला. आजोबांची खुर्ची कोपऱ्यात, भिंतीला पाठ करून ठेवा, म्हणजे मागून आवाज येणार नाही. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडू द्या. खिडकीकडे पाठ करून बोललात तर ओठ दिसत नाहीत. टीव्ही बंद. एका वेळी एकाने बोलायचं. मुलांना सांगा, आधी आजोबांच्या हाताला हात लावायचा, त्यांनी बघितलं की मग बोलायचं.

उंबरा

मंडळी, माहिती उत्तम आहे, पण मला थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो. भिंग, कानाची तपासणी, दिवा. वाढदिवसाच्या दिवशी एखाद्याला हे सगळं दिलं तर त्यातून काय ऐकू येतं? "तुम्ही म्हातारे झालात." माझ्या आजोबांना त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी एका नातेवाइकांनी काठी दिली. भली चांगली, हलकी, उंची कमी-जास्त करता येणारी काठी. आजोबांनी हसून घेतली, आणि पुढे बराच काळ ते फिरायलाच बाहेर पडले नाहीत. काठी घेऊन जायचं नव्हतं आणि काठी न घेता गेलं तर देणाऱ्याला वाईट वाटेल.

काळजीच्या वस्तू जरूर घ्या. पण त्या एरवी, साध्या दिवशी, "जाता जाता आणल्या" म्हणून द्या. वाढदिवसाला फक्त आनंदाचं काही द्यावं. मग ती चार फुलं का असेनात.

माजघर

उंबरा, तुमच्या आजोबांचं वाचून वाईट वाटलं आणि तुमचं म्हणणं बरंचसं पटलं. पण सगळ्या वस्तू एका मापाने मोजता येणार नाहीत. काठी, कमोडची बैठक, गोळ्यांचा डबा या वस्तू माणसाच्या उणिवेकडे बोट दाखवतात. चांगला दिवा तसा नाही, तो कुठल्याही वाचणाऱ्या माणसाला द्यावा असाच आहे. मी स्वतःला विचारते: ही वस्तू मी माझ्या टेबलावर ठेवीन का? ठेवीन म्हटलं तर वाढदिवसाला चालते. नाही म्हटलं तर साध्या दिवशी, आणि तीही त्यांच्याशी आधी बोलून.

आणि दिवा द्यायचा तर नुसता दिवा देऊ नये. आजोबांच्या आवडीच्या विषयावरचं मोठ्या टायपातलं एखादं पुस्तक त्याच्याखाली उघडून ठेवावं.

सायंतारा

मी ७४ वर्षांची आहे, त्यामुळे पलीकडच्या बाजूनेही कुणीतरी बोलावं म्हणून लिहिते. शाईपेन, तुला एकेरीच म्हणते.

आम्ही "नको" म्हणतो तेव्हा भिडेपोटी म्हणतो असं मुलांना वाटतं. तसं नसतं. घरातली प्रत्येक वस्तू मला पुसावी लागते, हलवावी लागते, कुठे ठेवली ते लक्षात ठेवावं लागतं. आणि माझ्यामागे कुणालातरी ती आवरावीही लागणार आहे, हे माझ्या डोक्यात असतं. मी सध्या वस्तू कमी करते आहे. त्यात कुणी नवी फुलदाणी आणली की ती द्यायला पुढचं घर शोधावं लागतं. तेव्हा पहिली गोष्ट, वापरून संपेल असं दे किंवा आधीच्या एखाद्या वस्तूची जागा घेईल असं दे. नवा दिवा आणलास तर जुना दिवा जाताना घेऊन जा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण काहीतरी द्यायला येतो. घ्यायला कुणी येत नाही. आयुष्यभर आम्ही दिलं, आणि एक दिवस सगळ्यांनी ठरवलं की आता यांच्याकडून काही घ्यायचं नाही, यांना त्रास द्यायचा नाही. या विश्रांतीचं ओझं होतं गं.

माझी नात गेल्या हिवाळ्यात म्हणाली, "आजी, मला विणायला शिकव." तिने स्वतःच लोकर आणली, जाड सुया आणल्या. जाड सुयांनी माझीही बोटं दुखली नाहीत, ते तिने मुद्दाम पाहिलं होतं. ती हात घट्ट ठेवायची, टाके सुईवर सरकायचेच नाहीत. मी तिच्या करंगळीला लोकरीचा वेढा देऊन ताण कसा सैल ठेवायचा ते दाखवलं. मध्येच एक टाका निसटला आणि चार ओळी खाली घरंगळत गेला, तेव्हा तिचा चेहरा पडला. मी आकडीची सुई घेऊन तोच टाका एकेका आडव्या धाग्यातून वर चढवत आणला. ती बघतच राहिली. मला किती वर्षांनी असं कुणी बघितलं माझ्या हातांकडे! मफलर एका बाजूला रुंद झालाय, पण ती तोच घालून कामाला जाते. या हिवाळ्यात मला मिळालेली सगळ्यांत मोठी भेट तीच.

तुझ्या आजीला काहीतरी असं येत असेल जे घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. ते माग.

ध्वनिफीत

सायंताराताई, तुमचा प्रतिसाद मी माझ्या भावंडांना वाचून दाखवला.

त्यालाच जोडून लिहितो. मागण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे त्यांच्या आठवणी. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये मांडलं होतं की उतारवयात माणूस आपल्या आयुष्याकडे मागे वळून पाहतो ते बुद्धी मंदावल्याचं लक्षण नसून मनाला आवश्यक असं काम आहे. तोवर "जुनं उगाळत बसू नका" असं सर्रास सांगितलं जायचं. आणि स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार असं दिसलं आहे की साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी म्हाताऱ्या माणसांकडे सगळ्यांत जास्त आणि ठसठशीत असतात. तेव्हा प्रश्न त्या वयाभोवतीचे विचारा.

"तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" म्हटलं की माणूस गप्प होतो. वस्तू आणि जागा विचारा. शाळेत जायचा रस्ता कसा होता, वाटेत काय लागायचं? पहिला पगार हातात आला त्या दिवशी काय केलं? घरात सगळ्यांत आधी कोण उठायचं? तुम्हाला कुणाची भीती वाटायची? एका प्रश्नानंतर थांबा. ते थांबले तरी लगेच दुसरा प्रश्न टाकू नका, बऱ्याचदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते.

ध्वनिमुद्रणाला फोन पुरतो. फोन विमान मोडवर टाका, म्हणजे मध्येच घंटी वाजणार नाही. पंखा बंद करा, पंख्याची घरघर ऐकताना फार जाणवते. फोन त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर, खाली रुमाल घालून ठेवा. टेबलावर बोटं वाजवायची सवय असेल तर ते ठोके आवाजात उतरत नाहीत. पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका. त्याच दिवशी फाइलला तारीख आणि विषय लिहून तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि सुरुवातीला त्यांना विचारा, हे कुणाकुणाला ऐकवलं तर चालेल. एखाद्या आठवणीने त्रास व्हायला लागला तर फोन बंद करून नुसतं जवळ बसा.

फोटोंचंही तसंच. जुन्या फोटोंतली माणसं ओळखणारं शेवटचं माणूस बहुतेक घरांत आजी किंवा आजोबाच असतात. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला. बॉलपेनने दाब पडून पुढच्या बाजूला उठाव येतो आणि शाई फुटते. स्कॅन करताना साधारण आकाराच्या फोटोला ३०० डीपीआय चालतं, अगदी लहान फोटो असतील तर ६०० ठेवा. चिकट पानांच्या अल्बमात फोटो घट्ट बसले असतील तर ओढून काढू नका, फाटतात. पानासकटच स्कॅन करा किंवा वरून नीट उजेडात फोटो घ्या. मग त्यांनी सांगितलेल्या मजकुरासह, १६ ते १८ पॉइंटच्या टायपात छापून एक पातळ पुस्तक करा. पातळच. जाडजूड पुस्तक आखडलेल्या हातांना पेलत नाही.

पायवाट

वाचते आहे, धागा फार चांगला चाललाय. काय देऊ नये, त्याचं थोडं.

सुटी सतरंजी, छोटं गालिचं, पायपुसणं देऊ नका. कडेला पाय अडकतो. पडून मृत्यू येण्याचं प्रमाण जगभरात ६० वर्षांवरच्या माणसांतच सगळ्यांत जास्त आहे. घरात घालायच्या सपाता द्यायच्या तर मागून बंद, पातळ पण घट्ट तळाच्या, न घसरणाऱ्या. नुसत्या पुढे अडकवायच्या नकोत. माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजतात. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर हालचाल टिपून आपोआप लागणारे छोटे दिवे लावून द्या.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांना गरम पाण्याची पिशवी किंवा शेकायचं यंत्र देऊ नका, भाजलेलं त्यांना कळत नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या, काढे, "नैसर्गिक" म्हणून मिळणाऱ्या पावडरी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच, चालू औषधांशी त्यांचं जमेलच असं नाही. उग्र अत्तरांचाही फारसा उपयोग नाही, वास घ्यायची शक्ती वयाबरोबर कमी होते.

काटकसर

पैशांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. "स्वस्त दिलं तर त्यांना कमी वाटेल" ही भीती देणाऱ्याच्या मनात असते, घेणाऱ्याच्या नाही. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांनी २००९ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. देणाऱ्यांना वाटत होतं की भेट जितकी महाग तितकं कौतुक जास्त. घेणाऱ्यांचं कौतुक किमतीबरोबर वाढत नव्हतं.

शाईपेन, तुम्ही भावंडं मिळून एकच भेट द्या. पाच जणांच्या पाच लहान वस्तूंपेक्षा सगळ्यांच्या वर्गणीतून आलेली एक वस्तू बरी, घरात गर्दीही होत नाही. सायंताराताईंनी म्हटलंय तेच.

दुसरं, "वेळ देऊ" असं नुसतं कार्डावर लिहून देऊ नका. त्याला तारीख लागते. "दर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा ते बारा, मी येणार आणि तुम्ही सांगाल ते काम करणार", असं लिहा आणि त्यांच्या कॅलेंडरवर जाऊन मोठ्या अक्षरांत भरून ठेवा. तारीख ठरलेली असली की म्हातारी माणसं त्या दिवसासाठी कामं बाजूला काढून ठेवतात, आठवडाभर आधीपासून वाट बघतात. ती तारीख मोडायची नाही. मोडणार असाल तर देऊच नका.

शाईपेन

सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले. आजोबांचा दिवा आम्ही भावंडं मिळून घेतोय, त्यांची श्रवणतपासणी वाढदिवस झाल्यावर साध्या दिवशी. काटकसर, रविवारचं धाकट्या भावाने स्वतःहून अंगावर घेतलंय.

आजीचं मात्र अजून ठरत नाही. तिने सोडलेली गोष्ट सापडली: तिच्या कुंड्या. पूर्वी गच्चीभर होत्या, आता मोजक्याच उरल्यात आणि त्याही सुकलेल्या. खाली वाकवत नाही आणि झारी उचलवत नाही. कात्री तर हातात धरवतच नाही.

माजघर

मग झालंच की!

कुंड्या वर आणा. कमरेच्या उंचीचं जुनं टेबल, बाक, काहीही चालेल, फक्त डगमगता कामा नये. तिला खुर्चीत बसून हात पोचेल असं ठेवा, म्हणजे खुर्चीचे हात आणि टेबल एकमेकांना अडवणार नाहीत इतकी जागा सोडा. मातीच्या जड कुंड्यांऐवजी हलक्या घ्या, आणि माती निम्मी करून तिच्यात कोकोपीट मिसळा, वजन बरंच उतरतं. झारी एक लिटरच्या आसपासची, लांब चोचीची. मोठी झारी "अर्धीच भरत जा" म्हणून देऊ नका, हात आपसूक पूर्ण भरतो.

कात्रीसाठी आपोआप उघडणारी, स्प्रिंगची बघा. मिटायलाच जोर लागतो, उघडायला नाही. खुरप्याच्या मुठीवर फोमची नळी चढवा. सांधे आखडलेल्या बोटांना बारीक मूठ आवळणं अवघड जातं, जाड मूठ सोपी. हीच नळी कापून तिच्या पेनवर, चमच्यावर, कंगव्यावरही चढवता येईल.

आणि रोप तुम्ही निवडू नका. बी किंवा कलम तिलाच निवडू द्या. एक कुंडी तुमच्या घरी न्यायला तयार करायला सांगा.

मध्यरात्र

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. माझ्या आजीला स्मृतिभ्रंश आहे. माझं नाव तिला बहुतेक वेळा आठवत नाही. तिने सोडलेल्या गोष्टी मोजायला गेलं तर सगळंच सुटलंय. तिला काही देण्यात अर्थ आहे का?

कानोसा

मध्यरात्र, आहे, नक्की आहे. भेट कुणी दिली हे ती विसरेल, पण त्या वेळी वाटलेलं बरं हे प्रसंग विसरल्यानंतरही काही काळ मागे राहतं.

तिच्या तरुणपणीची गाणी गोळा करा. ओळखीचं संगीत बऱ्याच जणांच्या बाबतीत इतर आठवणींपेक्षा जास्त काळ टिकतं. बोलणं तुटक झालेली माणसंही कधी कधी ओळ पुरी करतात. ती गाणी एका मोठ्या बटणाच्या साध्या यंत्रावर लावता येतील अशी भरून द्या. फोटो द्यायचे तर थोडेच, मोठे, एका पानावर एक, खाली ठळक अक्षरांत नाव. आणि "ओळख पाहू हे कोण?" असं विचारू नका. परीक्षा वाटते, आणि ती नापास होतेय हे तिला कळतं. "ही तुझी धाकटी बहीण" असं आपणच सांगावं. वार, तारीख आणि सकाळ-दुपार-रात्र शब्दांत दाखवणारं घड्याळही बऱ्याच घरांत उपयोगी पडतं.

कोडी, शब्दखेळ टाळा. त्याऐवजी हाताला जमेल असं काम तिच्यासोबत करा: रुमालांच्या घड्या, बटणं रंगांप्रमाणे लावणं. मऊ मलम घेऊन तिचे हात हलकेच चोळून द्या. नाव आठवलं नाही तरी हात तिला कळतो.

मध्यरात्र

मनापासून आभार. बटणांचा डबा आहे आमच्याकडे, तिचाच. उद्या काढते.

पाखरू

मी फार लांब राहते, वर्षातून एकदाच जाणं होतं. वरचं बरंचसं प्रत्यक्ष हजर असणाऱ्यांसाठी आहे. आमच्यासारख्यांनी काय करावं? व्हिडिओ कॉलवर आजोबा दोन मिनिटांत फोन आजीकडे देतात.

काजवा

ऐकू येत नसेल म्हणून देत असतील. कानोसांनी सांगितलेलं कॉललाही लागू करा: तुमच्या तोंडावर समोरून उजेड, कॅमेरा जवळ, सावकाश बोलणं, एका वेळी एकच जण. कॉलची वेळ ठरलेली असू द्या.

पण मी तुम्हाला पत्र लिहायला सांगेन. पत्र पुन्हा वाचता येतं, त्यासाठी कान लागत नाहीत, आणि ते आजोबांच्या खिशात राहू शकतं. चकाकी नसलेला, किंचित पिवळसर कागद घ्या, पाठपोट लिहू नका, मागची शाई पुढे दिसते. काळ्या, जाड टोकाच्या पेनाने लिहा, निळ्याने नको. ओळींमध्ये भरपूर अंतर सोडा. मोठ्या घडामोडी सांगायच्या मागे लागू नका. खिडकीतून काय दिसतं, शेजारी कोण राहतं, कामाला कसं जाता, हे लिहा. शेवटी एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर फक्त त्यांनाच देता येईल. आणि पाकिटात आणखी एक पाकीट घाला, त्यावर तुमचा पत्ता लिहिलेला आणि त्यांच्या देशाचं पुरेसं टपाल तिकीट आधीच चिकटवलेलं. तिकिटं पुढच्या भेटीत आणून ठेवा किंवा तिथल्या कुणाला तरी आणून ठेवायला सांगा. उत्तर लिहायचं बऱ्याचदा मनात असतं, पाकीट-तिकिटासाठी बाहेर पडणं होत नाही.